बारा फोटोंचा रोल

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातली गोष्ट. आरती झाली, मुलांचे कार्यक्रम झाले आणि मी प्रसादाच्या रांगेत उभा होतो. तेवढ्यात मंडळातला एक तरुण सभासद गळ्यात कॅमेरा अडकवून माझ्याजवळ आला. म्हणाला, "काका, एक सल्ला हवा होता. माझा हा कॅमेरा आता आठ वर्षांचा झाला. विकून नवा घेऊ का? तुम्ही इतकी वर्षं मंडळाचे फोटो काढताय, म्हटलं तुम्हाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही."

मी मंडळाचा बिनपगारी फोटोग्राफर. इथे रॉचेस्टरला येऊन मला आता जवळजवळ तीस वर्षं होतील. त्यातली वीस-बावीस वर्षं तरी प्रत्येक संक्रांत, पाडवा, गणपती आणि दिवाळीला मी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात एक गुडघा टेकून बसलेला असतो. त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नव्हता आणि त्याचं उत्तरही पाठ होतं. "अरे, फोटो कॅमेरा काढत नाही, कॅमेऱ्यामागचा माणूस काढतो," असं मी ऐटीत सांगून टाकलं. तो बिचारा "हो काका, खरंय" म्हणाला आणि मसालेभाताकडे वळला.

घरी जाताना गाडीत आमची ही म्हणाली, "त्याला बरं सांगितलंत हो! आणि स्वतः किती कॅमेरे बदललेत, ते नाही सांगितलंत?"

त्या रात्री कपाट उघडून मोजले. २००४ ते २०२२ या काळात मी सात कॅमेरे घेतले. दोन विकले, एक भाच्याला दिला, एक वापरात आहे आणि तीन कपाटात पडून आहेत. त्यांचे चार्जर कुठे आहेत ते देव जाणे. म्हणजे त्या मुलाला मी जे तत्त्वज्ञान ऐकवलं त्यावर माझा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता, निदान क्रेडिट कार्ड काढताना तरी नव्हता. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं, की हा हिशेब एकदा चारचौघांत मांडावा.

आपल्याकडे या प्रश्नासाठी एक म्हण तयारच आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. कॅमेऱ्याला दोष देणाऱ्याला ही म्हण ऐकवली की संभाषण संपतं. पण या म्हणीत थोडा अन्याय आहे. कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं. ज्याच्या अंगणात खड्डे आहेत त्याला 'आधी नाचायला शीक' असं सांगणं सोपं असतं, विशेषतः सांगणाऱ्याचं स्वतःचं अंगण फरसबंद असेल तर. माझं उत्तर त्यातलंच होतं. तेव्हा खरा प्रश्न असा, की अंगण वाकडं आहे की आपला पाय, हे नाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

माझ्या वडिलांकडे आगफा क्लिक थ्री होता. माझ्या वयाच्या पुष्कळ वाचकांना तो आठवत असेल. काळा, हलका, प्लॅस्टिकचा डबा. १२० नंबरचा रोल, त्यावर चौकोनी बारा फोटो. मागे छोटी लाल खिडकी, तिच्यात पुढचा आकडा दिसेपर्यंत रोल फिरवायचा. वडील वाईला शाळेत शिक्षक होते. गणपतीत घातलेला रोल दिवाळी करून मे महिन्यापर्यंत पुरवायचा असा शिरस्ता होता. "थांबा, अजून तीन उरलेत," हे वाक्य आमच्या घरी महिनाअखेरीला साखरेच्या डब्याबद्दल बोलावं तशा आवाजात बोललं जाई. एक फोटो आजीसाठी आणि एक मामा येईल तेव्हासाठी राखून ठेवलेला असे. रोल स्टुडिओत धुवायला दिला आणि बारांपैकी आठ-नऊ बरे निघाले की वडील खूश.

तो कॅमेरा बदलावा असं त्यांना कधी वाटलं नाही, असं मी लिहिणार होतो. पण ते खरं नाही. स्टुडिओवाल्याच्या याशिकाकडे ते कसे बघायचे ते मला चांगलं आठवतं. मास्तरच्या पगारात ते बसत नव्हतं, एवढंच. गरिबीला साधेपणा म्हणून मिरवायची आपल्याला, त्यातून परदेशात स्थिरावलेल्यांना, फार सवय असते. तेव्हा 'आमच्या बाबांचं बघा, एका कॅमेऱ्यावर आयुष्य काढलं' हा मुद्दा मी इथे मांडणार नाही.

त्या डब्याबद्दलची एक गोष्ट मात्र मला रॉचेस्टरला आल्यावर उमगली. हे गाव कोडॅकचं. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला तो २५ डॉलरला. आत शंभर फोटोंची फिल्म भरलेली. ती संपली की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलर घेऊन कंपनी फोटो धुऊन द्यायची आणि नवी फिल्म भरून कॅमेरा परत करायची. १९०० साली ब्राउनी आला, त्याची किंमत होती फक्त एक डॉलर. कॅमेरा पोराटोरांनाही परवडेल इतका स्वस्त करायचा आणि फिल्म जन्मभर विकायची, असं ते गणित होतं. ईस्ट अव्हेन्यूवरच्या ईस्टमनच्या घरी आता म्युझियम आहे. भारतातून कोणी आलं की नायगारा दाखवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही पाहुण्यांना तिथे नेतोच, त्यांना हवं असो वा नसो.

या गणितात ग्राहकाचा एक फायदा आपोआप झाला होता. प्रयोगशाळेत नवी, जास्त चांगली फिल्म तयार झाली की ती जुन्यात जुन्या कॅमेऱ्यातही घालता यायची. आजच्या भाषेत सांगायचं तर दर रोलबरोबर नवा सेन्सर मिळायचा. स्टुडिओवाल्याच्या याशिकात जो १२० चा रोल जाई तोच वडिलांच्या क्लिक थ्रीमध्येही जाई. डिजिटलमध्ये फिल्म आणि डबा एकजीव झाले. सेन्सर सुधारला की बटणं, पडदा, पट्टा सगळंच नवं घ्यायचं. आणि एकेक फोटो काढायला पैसे पडेनासे झाल्यावर कंपन्यांना विकायला कॅमेराच उरला. तेव्हा 'हल्लीचे लोक हावरे झालेत' एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. वस्तूची घडणच अशी झाली आहे, की ती दर दोन-तीन वर्षांनी आपल्याला दारात येऊन विचारते.

या बदलाची झळ आमच्या गावाइतकी क्वचितच कोणाला लागली असेल. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली इथेच, कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने बनवला होता. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्रात फक्त दहा हजार बिंदू, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉचेस्टर परिसरात साठ हजारांच्या आसपास लोक कोडॅकमध्ये कामाला होते. २००७ मध्ये कोडॅक पार्कमधल्या इमारती स्फोटकं लावून पाडल्या आणि १९ जानेवारी २०१२ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्म इथे अजूनही तयार होते, पण ते दिवस गेले. आमचे एक शेजारी फिल्मवर थर चढवायच्या विभागात होते, सगळं काम काळोखात. एकदा बर्फ उपसताना गप्पा निघाल्या तेव्हा ते म्हणाले, "आमच्या वेळी नवा कॅमेरा आला म्हणून लोक कॅमेरा घेत नसत. घरात मूल आलं की घेत."

आता माझ्या सात कॅमेऱ्यांकडे वळतो. २००४ चा पहिला डिजिटल सहा मेगापिक्सेलचा. पुढच्याच वर्षी आठ मेगापिक्सेलचा आला आणि मी तो घेतला. सहाचे आठ म्हणजे केवढी वाढ! पण मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ असतं. पहिल्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी ३०७२ बिंदू होती, दुसऱ्याची ३४५६. म्हणजे रुंदीत दर आठ बिंदूंमागे एक बिंदू जादा. इंचाला ३०० बिंदू धरले तर आधी सव्वादहा इंच रुंद फोटो छापता येत होता, आता साडेअकरा. आणि मी छापत काय होतो? चार बाय सहा. बघत होतो तो संगणकाच्या पडद्यावर, ज्याला दोन मेगापिक्सेल पुरत होते. आजच्या फोर-के टीव्हीलासुद्धा आठाच्या थोडेच वर लागतात. डोळ्याला जाणवेल असा दुप्पट तपशील हवा तर सहाचे चोवीस व्हायला हवेत. मी इंजिनिअर माणूस, हा हिशेब मला पाच मिनिटांत करता आला असता. मी तो केला नाही, कारण मला तो करायचा नव्हता.

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो, आणि हौसेत वाईट काही नाही. कोणी पैठण्या जमवतं, कोणी दर उन्हाळ्यात ग्रिल बदलतं. माझी चूक हौस करण्यात नव्हती, हौसेला गरज म्हणण्यात होती. गरज म्हटलं की घरात कोणी वाद घालत नाही. आपण स्वतःशीही घालत नाही. शिवाय आणखी एक सोय होते. नवा कॅमेरा येईपर्यंत जे फोटो बिघडतात ते जुन्याच्या माथी मारता येतात. एका वर्षी तर ऑक्टोबरभर मी परीक्षणं वाचत आणि किमतींची तुलना करत बसलो. लेचवर्थ पार्क तासाभराच्या अंतरावर, झाडं पेटल्यासारखी लाल झालेली. 'आता नव्यानेच काढू' म्हणून मी गेलो नाही. नवा हातात आला तेव्हा झाडं उघडी पडली होती.

अंगण खरंच वाकडं होतं असा प्रसंगही सांगायला हवा. २००६ च्या दिवाळीच्या कार्यक्रमात आमची मुलगी कोळीनृत्यात होती, तेव्हा दहा वर्षांची. शाळेचा हॉल, वर पिवळे मिणमिणते दिवे. मी साठ-सत्तर फोटो काढले, सगळे पुसट. मुलीच्या जागी एक रंगीत धुराचा लोळ. मी त्यावर काय केलं? नवा कॅमेरा घेतला, तिसरा! संक्रांतीला परत तेच. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्समधूनच पुरेसा प्रकाश आत येत नाही. झूम केली की ती एफ ५.६ वर अडते. मग शंभर डॉलरच्या आतबाहेरची ५० मिलिमीटरची एक साधी लेन्स घेतली, एफ १.८ ची. झूम नाही, काही नाही, पण प्रकाश जवळजवळ दहापट. जिथे सेकंदाचा पंधरावा भाग लागायचा तिथे दीडशेवा भाग पुरू लागला. पाडव्याला मुलीची गिरकी अशी आली की वेणीतली फुलं मोजून घ्यावीत.

म्हणजे गरज होती, फक्त ती कॅमेऱ्याची नव्हती. आणि ती खरी गरज होती हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण हुकलेला फोटो मला दाखवता येत होता. हा बघा, हा. माझ्या पहिल्या दोन-तीन बदलांच्या वेळी कोणी विचारलं असतं, 'दाखव, कुठला फोटो हुकला?' तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. शेजाऱ्यांच्या त्या बोलण्याचा अर्थही मला आता असाच लागतो. मूल घरात आलेलं असतं, ते रोज बदलत असतं, काय टिपायचं ते माहीत असतं आणि मग माणूस कॅमेरा शोधायला निघतो. मी कॅमेरा घेऊन काय टिपायचं ते शोधत होतो.

अशा चर्चेत कोणीतरी थोर फोटोग्राफरांचा दाखला देतंच, तर मीही देतो. होमाई व्यारावाला मूळच्या नवसारीच्या, शिकल्या मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. स्वातंत्र्याच्या वेळची दिल्ली आपण आज ज्या फोटोंत बघतो त्यांतले कितीतरी त्यांचे. त्या रोलायफ्लेक्स वापरत आणि स्पीड ग्राफिकही. हा स्पीड ग्राफिक बनवणारी ग्राफ्लेक्स कंपनी आमच्या रॉचेस्टरची, याचा मला उगीचच अभिमान आहे. त्यात फिल्मचा सुटा तुकडा घालावा लागे. एक फोटो झाला की होल्डर काढून उलटा करायचा, मग दुसरा. साडी नेसून, गर्दीत, ते धूड हातात धरून! पण हा दाखला नीट वाचायला हवा. स्पीड ग्राफिक हा स्वस्तातला कॅमेरा नव्हता, वृत्तपत्रांत काम करणाऱ्यांचा त्या काळचा सर्वांत भरवशाचा कॅमेरा होता. त्यांच्या कामाला जे लागत होतं ते त्यांच्याकडे होतं. लग्नांचे फोटो काढून ज्याचं घर चालतं किंवा जो पहाटे गरुडांच्या मागे जातो, त्यालाही हेच लागू आहे. त्याला 'माणूस फोटो काढतो' म्हणून वाटेला लावू नये. व्यारावाला १५ जानेवारी २०१२ ला वारल्या, कोडॅकच्या दिवाळखोरीच्या चार दिवस आधी. दोन्ही बातम्या मी एकाच आठवड्यात वाचल्या.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

२०१६ च्या डिसेंबरात वाईला गेलो तेव्हा निघायच्या आठवडाभर आधी पाचवा कॅमेरा घेतला होता. त्याचे मेन्यू एकात एक दडलेले. विमानात पुस्तिका वाचली, घरी पोचल्यावर पहिले तीन दिवस त्यातच गेले. आई तेव्हा ऐंशी ओलांडलेली. झोपाळ्यावर बसायची, चहा समोर ठेवायची आणि मी खिडकीचा उजेड, फोकसचा ठिपका, पांढऱ्या साडीचा रंग यांच्याशी झटत असायचो.

"झालं का रे?"

"एकच मिनिट आई. जरा इकडे बघ."

"बघते. पण मग इथे येऊन बस. चहा निवला बघ."

२०२१ च्या एप्रिलमध्ये आई गेली. ते दिवस सगळ्यांना आठवत असतील, जायचा प्रश्नच नव्हता. शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर घेतलं. चार-पाच दिवसांनी धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, भिंतीवर लावायला आईचा एक फोटो पाठव. तुझ्याकडे ढीगभर असतील."

होतेच. सगळ्या फेऱ्यांचे मिळून हजाराच्या वर निघाले. रात्रभर बसून बघितले. काय सांगू, एकेक फोटो असा की पापण्या मोजाव्यात, साडीचा पोत बोटांना लागावा. पण प्रत्येकात आई कॅमेऱ्याकडे बघते आहे आणि प्रत्येकात तिच्या चेहऱ्यावर तेच, 'झालं का रे?' कुठे कंटाळा नाही, राग नाही. नुसतं धीराने वाट बघणं. तरी मी त्यातले पाच निवडून पाठवले.

बहिणीने त्यातला एकही लावला नाही. भाच्याने त्याच्या साध्या फोनवर काढलेला एक होता, तो लावला. किंचित हललेला, कडेला अर्धी ताटली आलेली. आई तोंड उघडून हसते आहे, कवळी न घालता. मी म्हटलं, "अगं, हा हललाय. मोठा केला की फुटेल."

"फुटू दे दादा. आई अशीच दिसायची."

यावरून 'म्हणजे फोनच बरा' असं कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. भाचा तिच्या शेजारी बसून खात होता, काहीतरी वात्रटपणा करत होता आणि मधेच त्याने फोन उचलला. मी तोच फोन घेऊन समोर उभा राहिलो असतो तरी तिने 'झालं का रे?' हेच विचारलं असतं. पुढे मी वडिलांचे जुने फोटो काढून बघितले. त्यांच्या क्लिक थ्रीमधल्या आईच्या चेहऱ्यावर ती वाट बघणं नाही. एक फोटो झाला की वडील कॅमेरा कातडी पिशवीत घालून बटण लावून टाकत, कारण दुसरा परवडायचा नाही. मग ते येऊन बसत. आईला ते ठाऊक होतं.

एवढं सगळं लिहून झाल्यावर सातव्या कॅमेऱ्याबद्दल सांगायला जरा संकोच वाटतो. तो मी २०२२ मध्ये घेतला. माझा उजवा हात अलीकडे थोडा कापतो आणि चष्मा लावूनही फोकस नीट लागला की नाही ते कळत नाही. मुलीच्या साखरपुड्यात काढलेल्या पाचातले तीन फोटो हललेले होते. नव्या कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरायची सोय आहे आणि समोरच्याचा डोळा तो स्वतःच शोधतो. या खेपेला मी हललेले फोटो हिच्यासमोर ठेवले आणि गप्प बसलो. तिने एकेक बघितला आणि म्हणाली, "घ्या." सातांपैकी एवढ्या एकाच कॅमेऱ्याला तिने असं म्हटलं आहे.

यंदाच्या पाडव्याला तो तरुण परत भेटला. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की मागच्या वेळी मी तुला नुसतं वाक्य फेकलं होतं. मग विचारलं, "गेल्या वर्षभरातला असा एक फोटो दाखव, जो या कॅमेऱ्यामुळे हुकला." तो थोडा गोंधळला. मग फोनवर शोधून त्याने एक फोटो पुढे केला. त्याची चार वर्षांची मुलगी, गणपतीतल्या नाचात, मोरपिसांसकट सगळी धूसर. तो फोटो बघून मला हसूच आलं.

"आणि काका, खरं सांगू का," तो म्हणाला, "नवा हवासाही वाटतो हो."

"मग तसंच म्हण. बायकोलाही तसंच सांग."

माझी ती जुनी ५० मिलिमीटरची लेन्स मी त्या दिवशी खिशातून नेली होती. सुदैवाने त्याचा कॅमेरा त्याच कंपनीचा, बसली बरोबर. मुलांचा नाच सुरू झाल्यावर मी डाव्या कोपऱ्यातली माझी जागा त्याला दिली आणि मागे जाऊन हिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. मंडळाचा कार्यक्रम खुर्चीत बसून बघायची माझी ही कितीतरी वर्षांतली पहिली वेळ. नाच बराच लांबला, मधे दोन मुलं एकमेकांवर आपटली, एकीचा गजरा पडला. लेन्स अजून त्याच्याकडेच आहे. नवा कॅमेरा घेतला की नाही ते त्याने सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.